वन्संचा बिल्ला

माझी नणंद माझ्याहून वयाने लहान, तरी मी तिला अहो-जाहो करते आणि ती मला अगं-तुगं. लग्न झालं त्या दिवशी हे ठरून गेलं, आणि नवरा वारल्यावरही ते बदलायचं कुणाला सुचलं नाही. आम्ही दोघी एकाच लाँड्रीत कामाला आहोत. कोपऱ्यावरची इस्त्रीची टपरी नव्हे; इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे डगले ट्रकने येतात आणि ट्रकने जातात, तसली. तिथे घड्या घालायची आमची टेबलं शेजारी शेजारी. वन्संचा हात माझ्याहून भरभर चालतो आणि तोंड हाताहून भरभर. मी कुरकुर करते, त्या उपाय सांगतात. मी न विचारता सांगतात, हे वेगळं सांगायला नको.

घरी सासूबाई. म्हणजे वन्संची आई, पण राहणार माझ्याकडे, कारण मुलाचं घर ते आईचं घर, मग मुलगा असो की नसो. गेली काही वर्षं त्यांचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललंय. गॅस सोडतात आणि पेटवायचं विसरतात. दार उघडं दिसलं की चालू पडतात, कुठे ते त्यांनाही ठाऊक नसतं. एकदा दोन चौक ओलांडून एका दातांच्या दवाखान्यात आपला नंबर येईल म्हणून बसून राहिल्या होत्या, तोंडात एकही दात नसताना. आता सांगताना हसू येतं, त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. वन्संना त्या ओळखत नाहीत. वन्सं समोर आल्या की पाहुण्यांशी बोलावं तसं अदबीने बोलतात. पोटच्या पोरीला ते सोसत नाही, म्हणून वन्सं आमच्याकडे यायचं टाळतात. माझंही नाव त्यांना आठवत नाही, पण मी परकी नाही एवढं कळतं. माझ्या भाजीला नावं ठेवतात, त्यावरून मी समजून घेते.

त्यांना एकटं ठेवायची सोय नाही, म्हणून दिवसा त्या केंद्रात असतात. पाटीवर 'ज्येष्ठ नागरिक दिवस केंद्र' असं लिहिलंय, आम्ही म्हाताऱ्यांचं पाळणाघर म्हणतो. तिथली फी माझ्या पगारात बसणारी नाही, ती सरकारचं मदत कार्यालय भरतं. ती जागा गेली तर मला काम सोडून घरी बसावं लागेल. घरी बसले तर दोघींनी खायचं काय, हा प्रश्न मी रोज दात घासताना स्वतःला विचारते आणि चूळ भरून टाकते.

या जागेची एक अट होती. माझी महिन्याची कमाई एका आकड्याच्या खाली हवी. त्या आकड्याला आम्ही सगळ्या 'रेघ' म्हणायचो. रेघेच्या आत राहिलात तर गरीब, ओलांडलीत तर श्रीमंत, मग ती एका टॉवेलाने का ओलांडेना. श्रीमंत झालात की जागा बंद. त्यामुळे महिना सरत आला की आमच्याकडे बायका कामाला घाबरायच्या. कुणाची कंबर धरायची, कुणाला चक्कर यायची. चांगल्या धडधाकट बायका तेवढ्यापुरत्या अंथरुणाला खिळायच्या. मुकादम मनाने वाईट नाही, बायको सोडून बाकी सगळ्यांवर ओरडतो एवढंच. तो ओरडायचा, की आजारपणालाही तुम्ही नंबर लावलाय का.

ज्यांना आजारी पडणं परवडत नसे त्यांच्यासाठी दुसरी वाट होती, बिल्ल्याची. आमचं काम वजनावर मोजतात. घड्या घालून ट्रॉली भरली की तिच्या दांड्याला आपल्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला अडकवायचा. ट्रॉली काट्यावर जाते आणि वजन त्या नंबरावर चढतं. रेघ जवळ आली की आपल्या ट्रॉलीला दुसरीचा बिल्ला लावायचा, आणि पगार झाला की तिने आपले पैसे गुपचूप आपल्या हातात ठेवायचे. यात कुणी कुणाला कधी फसवलं नाही. माझ्यासाठी वन्संचा बिल्ला असायचा. त्यांच्या यजमानांची कायमची नोकरी, घरात मदत कसली घेतलेली नाही, म्हणून त्यांना रेघेचं भय नव्हतं. मी नुसतं 'वन्सं' म्हटलं तरी त्या खिशात हात घालायच्या.

मग नियम बदलला.

चहाच्या सुट्टीत मदत कार्यालयातली एक मुलगी आली आणि सगळ्यांना दिसावी म्हणून पालथ्या टोपलीवर उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, आवाज गोड. "आजवर कमी कमावणाऱ्याला मदत होती, म्हणून तुम्हाला कमी कमवावं लागत होतं," ती म्हणाली. "आता काम करणाऱ्याला मदत आहे. जेवढं कमवाल तेवढं तुमचं, आणि केंद्राची जागाही तुमची. फक्त कमाई त्या जुन्या आकड्याच्या वर दिसली पाहिजे. हातपाय धड असून खाली राहिलात, तर जागा रांगेतल्या पुढच्या घराला जाईल. या महिन्याची नोंद बघून नावं पक्की होणार."

वाफेच्या नळ्यांचा तेवढा आवाज येत होता. मग मागून रेडिओने विचारलं, "म्हणजे सगळं उलटं?" रेडिओ ही आमच्यातली सर्वांत कमी बोलणारी बाई, म्हणून तिचं नाव रेडिओ. तिने तोंड उघडलं म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

"उलटं नाही, सरळ," मुलगी हसून म्हणाली.

रेडिओ हसली नाही. तिची हकिकत आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पूर्वीही एकदा असंच कुणीतरी सांगून गेलं होतं, की आता बिनधास्त कमवा. तिने कमावलं. मग कळलं की ते पुढच्या वर्षापासून लागू होतं, आणि तिच्या मुलीची बालवाडीतली जागा तोवर गेली होती. पोरगी आमच्याकडच्या मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांवर झोपून मोठी झाली. तेव्हापासून सरकारी माणूस गोड बोलला की आम्ही आधी खिशातला बिल्ला चाचपतो.

मी त्या मुलीवर विसंबून राहिले नाही. कार्यालयात जाऊन खिडकीवर विचारलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खिडकीवर विचारलं, न जाणो दोघांचं वेगळं निघालं तर. दोघांनीही तेच सांगितलं, दुसऱ्याने जरा खेकसून सांगितलं म्हणून ते मला जास्त खरं वाटलं. कमाई रेघेच्या वर हवी. मी ठरवलं की यावेळी थांबायचं नाही, वर जायचं.

ठरवलं खरं, पण हाताला कोण सांगणार? इतक्या वर्षांची सवय. महिना अर्धा उलटला तसे माझे हात आपोआप जड व्हायला लागले. टॉवेल उचलला की वाटायचं, हाच तो, याच्याने जागा जाणार. मग आठवायचं की नाही, आता जागा न उचलल्याने जाणार. पुन्हा वाटायचं, पण खरंच? असं करत मी एकेका टॉवेलाशी भांडत होते. शेजारी वन्सं सटासट घड्या घालत माझ्याकडे बघत असत.

"वन्सं, काही होणार तर नाही ना?" मी दिवसातून दहादा विचारायचे.

"मला विचारशील तर माझा काडीचा विश्वास नाही," त्या म्हणायच्या. "आज सरळ म्हणतात, उद्या म्हणतील वाकडं होतं. तू म्हण, मी बिल्ला देते."

"नको. यावेळी नको."

"नको म्हणतेस, पण तोंड बघ आरशात. भूत दिसल्यासारखं झालंय."

"तोंडाचं सोडा. रात्री डोळा लागत नाही, वन्सं. आईंची जागा गेली तर मी काय करू सांगा."

असं मी रोज बोलत होते. नको म्हणायचं आणि रडायचं, दोन्ही एकाच दमात. आता वाटतं, तोंडाला कुलूप घातलं असतं तर बरं झालं असतं. पण मला मनात ठेवता येत नाही, आणि ऐकायला वन्संशिवाय होतं कोण?

त्यात केंद्राच्या बाई एकदा सहज म्हणाल्या, की रांगेत बरीच घरं आहेत, एक गृहस्थ तर रोज येऊन विचारून जातात. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ मला फाटकाशी दिसले. बायकोला चाकाच्या खुर्चीत घेऊन आले होते. खुर्ची उताराला लावून ते तिच्या पायांवरचं पांघरूण नीट करत होते. मला त्यांचा राग आला. त्या माणसाने माझं काही वाकडं केलेलं नव्हतं, तरी आला. मी सासूबाईंना त्यांच्यासमोरून झटकन आत नेलं, जणू ते खिशातून जागा काढूनच घेणार होते.

शेवटच्या आठवड्यात मी जीव तोडून काम केलं. इस्पितळाचा माल जास्त आला होता आणि मी नाही म्हटलं नाही. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. केंद्र संध्याकाळी बंद व्हायच्या आत पोचायला हवं, म्हणून मी शेवटची ट्रॉली भरायचे, माझा बिल्ला दांड्याला अडकवायचे आणि पळत सुटायचे. ट्रॉली काट्यावर वन्सं न्यायच्या. "तू हो पुढे, मी आहे ना," त्या म्हणायच्या. मनातल्या मनात मी हिशेब करत होते, आणि महिना संपला तेव्हा माझी खात्री होती की मी रेघेच्या पार गेलेय. त्या रात्री किती दिवसांनी मला गाढ झोप लागली.

पगाराच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत वन्संनी मला कोपऱ्यात ओढलं. आजूबाजूला बघितलं आणि घडी केलेल्या नोटा माझ्या मुठीत कोंबल्या. चेहरा असा खुललेला, की जणू वाढदिवस माझा आणि भेट त्यांनी आणलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझेच आहेत. शेवटच्या आठवड्यातल्या संध्याकाळच्या ट्रॉल्या. काट्यावर नेताना तुझा बिल्ला काढून माझा लावला. आत आहेस तू, अगदी काठावर. आता शांत झोप."

मी तिथल्या बाकावर बसले. नोटा हातातून पडल्या, त्या वन्संनी उचलल्या.

"वन्सं, मला वर जायचं होतं."

"अगं, त्यांच्या बोलण्याचं काय खरं आहे? रेडिओचं काय झालं विसरलीस?"

"दोन खिडक्यांवर विचारून आले होते मी. तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलंस. आणि रोज रडत होतीस." वन्संचा आवाज बसला. "तुला माझ्याकडे मागायची लाज वाटतेय, असं वाटलं मला. आईसाठी दुसरं काही होत नाही माझ्याच्याने. म्हटलं, एवढं तरी करावं."

मला त्यांना मारावंसं वाटलं. खरंच वाटलं, लपवत नाही. आणि त्याच वेळी दिसत होतं की या बाईने आठवडाभर रोज संध्याकाळी इकडेतिकडे बघत तो बिल्ला बदलला असणार, माझ्यासाठी. मी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

कार्यालयाच्या खिडकीवर तोच खेकसणारा माणूस होता. त्याने नोंद बघितली आणि यावेळी खेकसला नाही. "थोडक्यात राहिलं हो तुमचं," तो म्हणाला. "काही चूक असेल, काम जास्त केलं असेल, तर मुकादमाकडून लेखी आणा. आठवड्याच्या आत."

मुकादमाने माझं सगळं ऐकून घेतलं. त्याने ओरडावं असं मला फार वाटत होतं, पण तो ओरडला नाही. "लिहून देतो," तो हळू म्हणाला. "त्या ट्रॉल्या तुझ्या होत्या, बिल्ला दुसरीचा होता. लिहायला काय जातंय. पण मग ते विचारतील, हे पहिल्यांदाच झालं का. तेव्हा मी काय सांगू ते तू मला सांग."

त्याच्या खोलीला काच आहे. काचेतून घड्यांची टेबलं दिसतात. पलीकडे सगळ्यांचे हात थांबलेले होते आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. जिच्या नवऱ्याचा पाय गेलाय ती, जिची दोन्ही पोरं मदतीवर शिकतायत ती, रेडिओ. त्यातल्या प्रत्येकीने कधी ना कधी कुणाचा तरी बिल्ला लावला होता. एकीचं निघालं की सगळ्यांचं निघणार, आणि कार्यालय वर्षानुवर्षांची मदत परत मागणार. कुणी मला हात जोडले नाहीत की खूण केली नाही. नुसत्या बघत होत्या.

"राहू दे," मी मुकादमाला म्हटलं.

पुढचे दोन दिवस मी वन्संशी बोलले नाही. शेजारी उभं राहून न बोलणं फार अवघड असतं, विशेषतः मला. तिसऱ्या दिवशी चादरीचं दुसरं टोक धरायला त्या आल्या आणि टोक धरूनच म्हणाल्या, "माझी नोंद रेघेच्या कितीतरी वर गेलीय. तुझ्या ट्रॉल्यांमुळे. मी खिडकीवर विचारून आले. आईची तीच जागा मुलीच्या नावावर होते, रांग लागत नाही, यजमानांची नोकरीही आड येत नाही."

मी चादर खाली ठेवली. "मग घ्या ना तुमच्या नावावर. एवढं सोपं असताना मला दोन दिवस..."

"आई माझ्या घरी राहायला हवी," वन्सं म्हणाल्या. "ज्याच्या नावावर जागा, त्याच्याच घरी माणूस. घर बघायला येतात, न सांगता येतात."

"नावाला तुमच्याकडे दाखवू. राहतील माझ्याकडेच."

हे म्हणताना माझं मलाच कळलं की मी काय म्हणतेय. एका लबाडीतून सुटायला दुसरी लबाडी, आणि ती उघडी पडली तर जागा कायमची जाणार. वन्सं माझ्याहून जास्त घाबरलेल्या होत्या. "ती मला ओळखत नाही गं वहिनी," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे राहील का?"

"राहतील," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

सासूबाईंचं सामान एका पिशवीत मावलं. मी वन्संना सगळं सांगितलं. गॅसची कळ खालून बंद करायची, कडी वरची लावायची. आंघोळीला 'चला' म्हटलं तर येत नाहीत, पण 'पाणी गार होतंय' म्हटलं की उठतात. भाजीला नावं ठेवली तर वाईट वाटून घ्यायचं नाही, ते चांगलं लक्षण आहे. वन्सं मान हलवत होत्या आणि डोळे पुसत होत्या. सासूबाई रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "तू नाही का येत?" मी म्हटलं, मागून येते.

आता मला कशाचीच घाई नाही. मदत नाही, त्यामुळे रेघही नाही. आतली नाही आणि वरची नाही. हवं तेवढं काम करते. मुकादम म्हणतो, एवढी वर्षं हा हात कुठे लपवून ठेवला होतास. पगार पहिल्यांदाच बरा येतोय. घरी गेले की दाराची वरची कडी लावते, मग आठवतं की आता तिची गरज नाही. पण लावते.

केंद्राच्या फाटकावर मात्र मी जातच राहिले. वन्संना उशीर झाला तर कुणीतरी असावं, असं मी स्वतःला सांगायचे. सासूबाई बाहेर आल्या की दोन शब्द बोलायचे आणि दोघी रिक्षात बसल्या की निघायचे. पहिले काही दिवस त्या माझा हात सोडत नसत. मग सोडायला लागल्या. मग माझ्याकडे बघून नुसत्या हसायला लागल्या.

परवा वन्संना खरंच उशीर झाला. आयाने सासूबाईंना आणून बाकावर माझ्या शेजारी बसवलं. तब्येत चांगली दिसत होती, केस नीट विंचरलेले, अंगात मी न बघितलेलं नवं स्वेटर. मी म्हटलं, "आई, बऱ्या आहात ना?" त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग पदर सारखा करून अदबीने विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मग थांबलात कशाला? जा घरी. वाट बघत असतील."

तेवढ्यात वन्सं धापा टाकत आल्या. सासूबाईंनी त्यांना बघितलं मात्र, आणि सुरू झाल्या, की एवढा उशीर करतात का, आणि सकाळची भाजी किती खारट होती. वन्संचा चेहरा आनंदाने फुलला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तो तसाच राहिला, कुठे ठेवावा कळेना अशासारखा.

"वहिनी," त्या म्हणाल्या.

"न्या त्यांना," मी म्हटलं. "गार वारा सुटलाय."